पेटला का?

मोटारसायकलचा ब्रेकलाइट चालवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, पण आमचा अख्खा संसार तिच्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. पाय याचा, डोळे माझे. हा सीटवर बसून मागचा ब्रेक दाबणार आणि मान न वळवता ओरडणार, "पेटला का?" मी मागे उभी राहून सांगणार, "पेटला," नाहीतर "नाही पेटला." लग्न होऊन या घरात आले, अंगावरची हळद उतरली नव्हती, तेव्हापासून हे काम माझं. ते दुसऱ्या कुणी केलेलं मला खपायचं नाही.

मी बेटी, आणि हा म्हणजे ॲन्सेल्म, माझा नवरा. याचं नाव मी तोंडाने फारसं घेत नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ते अंगवळणी पडलं. घरात "ऐकतोस का" आणि चारचौघांत "जोनाथनचे पप्पा". जोनाथन आमचा मुलगा, दुबईला असतो. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात हा फिटर होता. निवृत्त झाल्यावर वाडी बघायला लागला. थोडी केळी, कडेला सोनचाफ्याची झाडं, मागे बावखल, म्हणजे आमचं गोड्या पाण्याचं तळं. सकाळी चाफ्याची फुलं मोटारसायकलवर बांधून बाजारात नेतो आणि येताना पाव आणतो. बोलणं म्हणाल तर जेमतेम. रागावला तर बावखलाच्या काठावर जाऊन बसतो आणि पाण्यात खडे टाकतो. भांडायचं सगळं काम मलाच करावं लागतं, दोन्ही बाजूंनी.

आणि ती मोटारसायकल! काळी, जुनी, किक मारताना घरातली भांडी वाजतात. ती लग्नाच्या आधीपासून याच्याकडे. म्हणजे खरं तर मी दुसरी. मी तिला सवतच म्हणते. माझे जुने परकर फाडून तिला पुसतो. थंडीत तिच्यावर चादर घालतो. माझी चादर पायाखाली गेली तर हाताने वर ओढून देईल, तर शपथ! एकदा मी वैतागून म्हटलं, "हिलाच घेऊन जा मिस्साला, मी राहते घरी." तर हा खरोखरच गेला की! चर्चच्या दारात उभा राहून मागे वळून बघितलं म्हणे, तेव्हा कुठे लक्षात आलं की मागे बायको नाही.

तरी सवतीशी माझं जमलं होतं, कारण तिची पाठ माझ्याकडे होती. बिघाड झाला की हा मलाच हाक मारायचा. कितीही भात चुलीवर असो, मी हात पुसत मागे जाऊन उभी राहायचे.

यंदा पावसाळा संपला आणि बाजारात जाताना एका रिक्षाने याला मागून ठोकलं. लागलं नाही, टोपली तेवढी उलटली. रिक्षावाला उलट यालाच ओरडला, "काका, ब्रेकलाइट नको का तुमच्या गाडीला?" हा घरी आला तो तोंड पाडूनच. आयतवारी मिस्सा झाल्या झाल्या अंगणात बैठक मारली. आधी बल्ब बदलला. "पेटला का?" "नाही." मग पायाखालच्या ब्रेकला एक बारीक स्प्रिंग असते, ती ओढली की लाइटचं बटण चालू होतं. ती ढिली झाली होती, ती ताणून बसवली. "पेटला का?" "नाही." मग सीट काढली आणि खालची वायर बोटांनी चाचपत बसला. एका जागी उंदराने कुरतडली होती, तिथे नवा तुकडा जोडला. "आता?" "आता पण नाही. कसले बल्ब आणतोस रे? आजकाल सगळं बोगस मिळतं." खरंच सांगते, त्या दिवसांत मला सगळेच बल्ब बोगस वाटत होते. चर्चमधलेसुद्धा. मी फादरना सांगणार होते की इतका पैसा जमतो, दिवे तरी चांगले लावा.

जेवण गार होऊन गेलं. हा घामाने निथळलेला. आणि तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, "ॲन्सेल्म, पेटतोय की! केव्हाचा पेटतोय!"

ही सालोमी.

शेजारच्या डेरिकने वाडी विकली, तिथे बैठे बंगले झाले, त्यातल्या एकात ही येऊन राहिली होती. मुंबईच्या कुठल्याशा हॉस्पिटलात नर्स होती म्हणे. नवरा वारलेला. लांबून बघावं तर गोरीपान, तुकतुकीत चेहरा, सुरकुतीचा पत्ता नाही, केस काळेभोर. पन्नाशीची तरी असेल की नाही कोण जाणे. जवळ जायचं मी टाळलंच. आणि नुसतं "ॲन्सेल्म"! इतकी वर्षं संसार करून माझ्या जिभेला जे जमलं नाही, ते हिला कुंपणावरून जमलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरी आग पुढेच आहे. मी म्हटलं, "नाही पेटला." ती म्हणाली, "पेटला." आणि हा माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा तिच्याकडे बघतो, आणि गुपचूप सीट बसवून हत्यारं गोळा करायला लागतो! माझं नाही, तिचं ऐकलं. मी हातातला डाव उंबऱ्यावर आपटला आणि आत गेले. त्या दिवशी मी जेवले नाही. हा जेवला की नाही ते मी बघितलं नाही, पण मटणाचं भांडं रिकामं होतं.

त्यानंतर एक नवीनच नाटक सुरू झालं. दर आयतवारी ब्रेकलाइट बिघडायचा. अहो, कसला बिघाड हा, जो मिस्सा करून येतो? हा ब्रेक दाबून विचारणार, "पेटला का?" मी काय ते सांगणार. आणि मी सांगितलं रे सांगितलं की हा मान वर करून कुंपणाकडे बघणार. तिथे सालोमी झाडांना पाणी घालत उभी असायचीच. आयतवारीच बरी तिची झाडं सुकायची! ती मान हलवायची, कधी अशी, कधी तशी. तिचा चेहरा मला नीट दिसायचा नाही, पण मान हललेली कळायची. बाईला आणखी काय कळावं लागतं?

बरं, मला उभं करायची जागा पण बदलत चालली होती. आधी मी चाफ्याच्या झाडाखाली उभी राहायचे. मग म्हणाला, "जरा विहिरीपाशी ये." मग म्हणाला, "पायरीवर उभी राहा." मी मनात म्हटलं, वा रे वा, चाफ्याखालून मला कुंपण समोर दिसायचं, म्हणून मला आत आत ओढतो आहेस होय! चोराच्या मनात चांदणं.

झोप उडाली माझी. मी आरशासमोर उभी राहून केसांना रंग लावला, कितीतरी वर्षांनी. याने बघून विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" त्या सालोमीच्या केसांबद्दल कधी विचारलं असशील का रे, कुणाचं लग्न आहे म्हणून? माझी जागा मागे होती, तेवढीच होती, समोरची मी कधी मागितली नव्हती. ती पण आता जाते की काय, असं वाटायला लागलं. या वयात कुणी बायको सोडत नाही, हे मला कळतं. पण आपल्याला हाक मारायचं सोडून माणूस दुसरीकडे बघायला लागला, तर तो सोडून गेल्यातच जमा.

एका संध्याकाळी मी मागच्या दाराने केळीचं पान कापायला गेले, तर कुंपणाशी दोघांची कुजबुज. मी पानाआड थांबले. सालोमी म्हणत होती, "किती दिवस लपवणार तू? बेटीला सांगून टाक." आणि हा म्हणाला, "ती मोडून पडेल. थोडं थांब."

जेजू रे! माझ्या हातातला कोयता गळून पडला, पाय वाचला हे नशीब. रडले नाही मी. रडणारी बाई मी नव्हेच. मी विचार केला, यांच्या भेटीगाठीचं निमित्त काय? ब्रेकलाइट. मग निमित्तच मुळासकट उपटते. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि गोखिवऱ्याला काळूराम मेकॅनिककडे गेले.

आता तुम्हाला हे समजणार नाही, म्हणून सांगते. फिटरच्या घरी मेकॅनिक आणणं म्हणजे सुगरणीच्या घरी खानावळीचा डबा आणण्यासारखं. याने त्या गाडीला परक्या माणसाचा हात कधी लागू दिला नव्हता. काळूराम कामणचा, आमच्या ओळखीतला, मोठा बडबड्या. तो आधी नाहीच म्हणाला. "दादा मना उभा कापतील, वहिनी." मी म्हटलं, "आयतवारी ये, फुगे तळते, मटणाचं इंदेल करते." आमच्या इंदेलच्या वासाला तो कामणहून चालत येईल. रिक्षाने आला.

मिस्सा करून आम्ही परतलो तर काळूराम अंगणात पिशवी घेऊन उभा. याने त्याला पाहिलं, मला पाहिलं. मला वाटलं आता हा बावखलावर जाणार. पण गेला नाही, पायरीवर बसला. कुंपणापलीकडे सालोमी होतीच, हातात पाण्याचा पाइप. मी मोठ्याने म्हटलं, "काळूराम, आज हा लाइट असा करून दे की परत कुणाला कुंपणावर लटकायला नको!"

काळूरामने लाल काच काढली. बल्ब हलवून बघितला, त्याची बैठक पॉलिश पेपरने घासली. स्प्रिंग ओढून बघितली. बटणाच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. मडगार्डला जिथे वायर कसलेली असते तिथला गंज खरवडला. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तोच जोड पहिला गंजतो, म्हणाला. सगळं होता होता तोंडाचा पट्टा चालूच. शेवटी काच लावून सीटवर बसला आणि ब्रेक दाबला.

"वहिनी, बघा. पेटला ना?"

"नाही."

"अवो, नीट बघा ना."

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माच्या आधीपासून बघते मी हा लाइट. नाही पेटला."

काळूराम खाली उतरला. हाताने ब्रेक दाबून, वाकून, स्वतः मागे डोकावून बघितलं. परत दाबलं, परत बघितलं. मग याला म्हणाला, "दादा, वहिनी मस्करी करतान का? बत्ती तं टकाटक पेटते."

कुंपणापलीकडचं पाणी बंद झालं.

हा पायरीवरून उठला. म्हणाला, "काळूराम, गाडीत काही नाही. तू बस सीटवर आणि मी सांगेन तसा ब्रेक दाब." माझ्याजवळ आला आणि माझा हात धरला. अंगणात, परक्या माणसादेखत, त्या बाईदेखत! आमच्या लग्नात फादरनी धरायला लावला होता, त्यानंतर दिवसाउजेडी याने माझा हात धरलेला मला आठवत नाही. मला गाडीच्या मागे खाली बसवलं आणि माझा तळहात ओंजळीसारखा वाकवून त्या काचेवर धरला. "तोंड जवळ ने," म्हणाला. "आणखी जवळ. हां. काळूराम, दाब."

माझ्या तळहातावर लाल उजेड पडला.

"सोड." गेला. "दाब." परत आला. "सोड." परत गेला.

मी हात काढून मागे सरकले. काच होती तिथेच होती, धुरकट, मळकट, जशी गेले कित्येक महिने दिसत होती. काळूरामचा पाय ब्रेकवर होता. परत जवळ जाऊन ओंजळ धरली. लाल. बल्ब बोगस नव्हते. चर्चचे दिवे पण बोगस नव्हते.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"त्या पहिल्या दिवसापासून. वायर जोडली तेव्हाच लाइट चालू झाला होता. सालोमीने ओळखलं, मोतीबिंदू आहे म्हणाली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसते आले. माझ्या आईचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता. पट्टी काढली तेव्हा ती विचारत होती, दिवे का घालवले म्हणून. तेव्हापासून डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की माझे हातपाय गार पडतात. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हा म्हणाला, "दर आयतवारी बघत होतो, किती लांबून दिसतं तुला. चाफ्याखालून दिसेना, मग विहिरीपासून दिसेना. मागच्या आयतवारी तू पायरीवर उभी होतीस आणि म्हणालीस, पेटला. मी ब्रेक दाबलाच नव्हता, बेटी."

माणसाला अशा वेळी काय वाटायला हवं? नवऱ्याची माया कळून डोळे भरून यायला हवेत, होय ना? मला काय वाटलं सांगू? माझे डोळे, आणि बातमी आधी त्या सालोमीला! मी तिथल्या तिथे तिच्यावर ओरडले, "तुझं काय काम होतं माझ्या घरात बघायचं?" काळूराम म्हणाला, "वहिनी, इंदेल करपतंय." ते खरंच करपत होतं, आणि त्याचा वास आला म्हणून बरं, नाहीतर ते पण मला दिसलं नसतं.

त्या रात्री मी याला म्हटलं, "चल, करते ऑपरेशन." हा उठूनच बसला. भीती गेली होती असं नाही. मरणाची भीती होती. पण एका पारड्यात आईची ती पट्टी ठेवली आणि दुसऱ्यात हे, की माझ्या नवऱ्याच्या गाडीचा लाइट शेजारच्या बाईला दिसतो आणि मला दिसत नाही. दुसरं जड झालं. काय करू, स्वभाव आहे. सालोमी तिच्या मोटारीतून न्यायला तयार होती, पण मी एक अट घातली, तिच्या गाडीतून जाणार नाही. आपल्या गाडीवरून जाणार. सवत परवडली.

जाताना तेवढी याच्या मागे बसले. येताना डॉक्टरांनी मोटारसायकलवर बसू दिलं नाही, म्हणून रिक्षा केली आणि हा मोटारसायकलवरून रिक्षाच्या मागे मागे आला. पट्टी काढायच्या वेळी मी रोजरीची माळ इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. पट्टी निघाली. दिवे चालू होते. पुढचं काही सांगत नाही, ते ज्याचं त्याला कळतं. मग काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही. हा स्वयंपाक करायचा आणि मी आतून चव न घेताच नावं ठेवायचे.

थेंब संपले, त्यानंतरच्या आयतवारी मिस्सा करून आलो आणि मी चष्मा काढून अंगणात उतरले. कुंपणाशी सालोमी. "बेटी, आता कसं दिसतंय?" म्हणाली.

मी बघितलं. अगो बाय! सुरकुत्याच सुरकुत्या. गालाची कातडी लोंबलेली, हनुवटीवर दोन पांढरे केस, डोक्यावरचा रंग मुळांपाशी उतरलेला. सत्तरी केव्हाच ओलांडलेली म्हातारी, माझ्याहून कितीतरी मोठी. हिच्यावर मी जळत होते! हिच्यासाठी झोप घालवली, केस रंगवले! मला इतकं हसू आलं की कुंपण धरावं लागलं. ती पण हसली, कशाला ते न कळता. दात मात्र छान आहेत तिचे. "मस्त दिसतंय," मी म्हटलं, "आत ये, फुगे तळलेत." पहिल्यांदाच बोलावलं मी तिला.

तोवर हा सीटवर जाऊन बसला होता. "ये गं मागे," म्हणाला. मी गेले, चाफ्याच्या झाडाखाली, माझ्या जुन्या जागेवर.

"पेटला का?"

पेटला होता. एवढा लालभडक की इतकी वर्षं तो असाच पेटत होता का, असं वाटलं. पण सांगायच्या आधीच माझं लक्ष लाइटवरून वर गेलं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मानेच्या शिरा मोजता आल्या असत्या. मागून केस विरळ होऊन टाळू दिसत होती. ही पाठ मी जन्मभर धरून बसले, आणि ही पाठ माझ्या ओळखीची नव्हती.

मी गाडीला वळसा घालून समोर गेले. गाल आत गेलेले. भुवया पांढऱ्या. दाढी करताना कानाखाली कापलं होतं, त्यावर रक्ताचा ठिपका सुकला होता. डोळ्यांखाली काळं. हा म्हातारा झाला होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. या कुंपणावरून ती बाई रोज हा चेहरा बघत होती. मी एकाच ताटात वाढत होते, एकाच खाटेवर झोपत होते, आणि मला मात्र माझ्या मनातला जुना ॲन्सेल्मच दिसत होता. हसू कुठल्या कुठे गेलं. तिच्या चेहऱ्यावर जळायचं काही उरलं नव्हतं, पण तिने जे बघितलं होतं, त्यावर मी अजूनही जळत होते. याचं म्हातारपण माझ्या वाट्याचं होतं, आणि ते आधी तिने बघितलं.

मी समोर उभी होते तरी याची सवय जाते कुठे? सरळ पुढे बघत, माझ्या खांद्यावरून पलीकडे, परत ओरडला, "पेटला का?"

"ॲन्सेल्म," मी म्हटलं, "पाय काढू नकोस. अजून बघतेय."